भूमिगताला हवी एक सही

पेन्शनसाठी खेटे घालायचं म्हणाल, तर आमच्या भाऊमामाचा हात कोणी धरणार नाही. बेचाळीसच्या चळवळीत तो डोंबिवलीत भूमिगत होता. त्यापायी मास्तरकी गेली, पण पोलिसांच्या हाती काही लागला नाही. स्वराज्य आल्यावर त्याने राजकीय पीडितांच्या पेन्शनसाठी ठाण्याच्या कचेरीत अर्ज केला, तर कारकून दर खेपेला एकच म्हणे, "तुरुंगाचा दाखला आणा."

"अहो, मी सापडलोच नाही, तर दाखला कुठला आणू?"

दोन वर्षं हेच. शेवटी मामाने साक्षीला आणलं कोणाला, तर त्याला पकडायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या निवृत्त हवालदारांनाच! मीही सोबत गेलेलो. हवालदार छाती काढून म्हणाले, "साहेब, ह्याच्यापायी मी ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत वणवण केली, पण पठ्ठ्या सापडेल तर शपथ!"

कारकून खूश झाला. "झालं तर मग! आता ज्यांच्या घरात लपला होतात, त्या गृहस्थांची सही आणा, की मंजूर."

मामाने शांतपणे टाक शाईत बुडवला आणि हवालदारांपुढे धरला. "करा सही. तुमच्याच माळ्यावर तर होतो, वहिनींच्या हातची भाकरी खात."

हवालदारांनी मामाचा हात गच्च धरला आणि कानाशी लागून म्हणाले, "भाऊ, हळू बोल रे! तुझं सुरू होईल तेव्हा होईल, माझं चालू आहे ते बंद पाडशील!"