घ्या, चतकोर तरी घ्या

...अन् ते सोयाबीनचं पीठ थापायला जमतंय कुठं, तुम्हाला सांगतो, परातीत गोल, हातावर गोल, अन् तव्यावर पडलं की आपल्या वाटूर फाट्यावानी तीन दिशेला तीन रस्ते. आमची बायको नंदाबाई ते उलथन्यानं गोळा करून माझ्या ताटात टाकती अन् म्हणती, "भाकर समजून खा." कसं समजू? जल्मभर ज्वारीची खाल्लेला मानूस मी. ते सोयाबीन दळायला गेल्तो तर गिरणीवाला भिवा इचारतो, "तातेराव, म्हैस याली का? खुराक दळून राह्यले!"

पण तुम्हाला सांगतो, भाकरीचं मला दुख न्हाई. दुख येगळंच हाय.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्याला जखम झाल्ती, महिना झाला तरी भरंना. जालन्याला गेलो. डॉक्टरनं रगत तपासलं, म्हणला, "शुगर आहे. जेवताना किती भाकरी खाता?" आता मोजून कोण खातंय? म्हणलं, चार, कधी पाच. "आजपासून एकच. नाहीतर अंगठा काढावा लागेल." बरं बाबा, एक तर एक. मंग नंदाबाईनं काय करावं... तव्याच्या काठाला टेकंल एवढी एकच थापली, बोटभर जाड! दोघंबी खूश. पंधरा दिवसांनी शुगर व्हती त्याच्याबी वर. डॉक्टर म्हणतो, "एकच खाल्ली ना?" म्हणलं, बिलकुल एकच. "केवढी?" मी दोन्ही हात पसरून दाखवली. त्यानं कपाळ धरलं, मंग माझा तळहात उघडून म्हणला, "एवढी."

तरी भाकरीचं दुख न्हाई, खरंच न्हाई. पण पहिले कसं व्हतं, जेवण होत आलं की नंदाबाई टोपलं घेऊन उभी, "घ्या, चतकोर तरी घ्या," मी ताटावर हात आडवा धरून "नको, नको," अन् ती हाताखालून सरकवणार. तीस वर्षं, दोन वक्त, हीच लढाई. तिचं कौतुक कधी केलं न्हाई मी. अन् आता? तळहाताएवढी वाढली की ती टोपलं पाठीमागं लपवून राह्यली.

शेजारी दुकानवाले बजरंगलाल, त्यांच्या पानबाईचा आग्रह म्हणजे पाहुणा उठून दाखवंल का? तिथं पंगतीला बसलो, तर पानबाई एकेकाच्या ताटात तुपाची पोळी टाकत आली, मला बघून डबा झाकला, अन् म्हणती, "तातेरावजी, तुमच्यासाठी काकडी कापू?" सगळ्या पंगतीला घ्या-घ्या, अन् मी काकडी खाऊन राह्यलो. तुम्हाला सांगतो, पन्नाशीतला मानूस मी, रडू आलं. घरी येऊन नंदाबाईला म्हणलं, अंगठा गेला तर जाऊ दे, पण मला कुणी घ्या तरी म्हणा.

दुसऱ्या दिवसापासून नुसतं पिठंच पिठं. ते सुरवातीला सांगितलेलं सोयाबीन झालं, पत्ताकोबी किसून झाली, निस्तं बेसन झालं, सगळं तव्याला चिटकलं. मंग तिला जवस सुचली. चटणीची जवस हो. दळली, गरम पाण्यात भिजवली, ती आली चिकट, त्यात बेसन, मूठ-मूठ मेथी... अन् थापली तर फाटली न्हाई. काळपट, कडू, पण गोल.

अन् ही बाई, जी परतूरच्या पुढं कधी एकली गेली न्हाई, ती भाकर फडक्यात बांधून एसटीनं जालन्याला गेली. डॉक्टरच्या टेबलावर ठिवली, म्हणली, "हिच्यात ज्वारी चिमूटभर न्हाई. ही किती वाढू?" डॉक्टरनं तुकडा मोडला, लई येळ चावला, अन् म्हणला, "ही द्या दोन. वर थोडी मागितली तरी द्या. पण मागतील असं वाटत नाही."

त्या दिवशी दोन खाल्ल्या मी, पाण्याच्या घोटाबराबर. वर बघितलं तर नंदाबाई टोपलं घेऊन उभी, डोळे भरलेले. "घ्या, चतकोर तरी घ्या."

माझा हात आपोआप ताटावर गेला. तिनं खालून सरकवली.

दिवाळीपर्यंत जखम सुकली, अंगठा जागेवर हाय. आज तिसरं वर्ष, दोन्ही वक्त बराबर आग्रह चालू. पहिले तोंडानं नको म्हणायचो तवा मनातून पाहिजे असायची. आता मनातून खरंच नको असती, अन् तोंडानं म्हणायची सोय राह्यली न्हाई.