घरच्यासारखं बोल

उत्तर इंग्लंडमधल्या बोल्टन गावात तळलेल्या माशांच्या दुकानापुढे नोरा रांगेत उभी होती. पुढच्या दोघी बोलत होत्या.

“काल आमची एल्सी रेडिओवर बोलली!”

“गिरणीतली एल्सी? रेडिओवर?”

“मेबल क्रॉसलीनं बोलावलं. ती पूर्वीची नटी गं!”

“मूकपटातली? बोलपट आले नि आवाज गावंढळ म्हणून तिला काढलं, तीच?”

“तीच. आता रेडिओचे कार्यक्रम बसवते. एल्सी साहेबी थाटात बोलायला लागली, तर म्हणाली, ‘घरी बोलतेस तसं बोल, पोरी. याच बोलीपायी मला काढलं. इथं तुला कोण काढतंय बघू!’”

“मग?”

रांग पुढे सरकली, तरी नोरा जागची हलली नाही.

“मग काय! जन्मभर एल्सीला गप्प बसवणारा तिचा बाप रेडिओला कान लावून मलाच म्हणाला, ‘गप्प बस, माझी पोर बोलतेय.’”