लुंपीची शपथ

केबलकारच्या रांगेत व्हालबुर्गाच्या पुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं. त्यांच्या पायाशी दोरीनं बांधलेला तपकिरी कुत्रा बसला होता.

"अहो, परत सांगा. गाय अंगावर आली तर काय करायचं?"

"लुंपीला सोडून द्यायचं. पाठ झालंय मला."

"ती कुत्र्यावर धावून येते, वासराच्या काळजीनं. कुत्रा पळून सुटतो. तुम्ही नाही सुटत."

"कळलं गं."

"गेल्या उन्हाळ्यातही कळलंच होतं. बरगड्या मोडून घेतल्यात!"

"खाली कडा होता. सोडला असता तर घाबरून दरीत गेला असता बिचारा."

"त्याला चार पाय आहेत. तुम्हाला दोन, आणि त्यातला एक दुखरा."

"बरं बाई, सोडीन."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

"माझी नको. लुंपीची घ्या."

म्हातारा वाकून लुंपीचे कान कुरवाळू लागला. व्हालबुर्गाला राहवलं नाही.

"आजोबा, वरचं कुरण माझंच आहे. काल माझ्या दोन गाई व्यायल्यात. आज तिकडून नका जाऊ, शिड्यांच्या वाटेनं जा."

"शिड्यांवर लुंपी कसा चढेल?"

"मग घरी चला ना हो! मला भीती वाटतेय."

"वर पोरगी जेवायला थांबलीय. चल, काही होत नाही."

"निदान शपथ तरी घ्या!"

केबलकारचं दार उघडलं. वरून गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. लुंपीनं कान टवकारले, तसा म्हाताऱ्यानं दोरीचा आणखी एक वेढा मुठीभोवती घट्ट आवळला.