खुणेच्या काठ्या

(मार्चातली सकाळ. गडहिंग्लजजवळच्या एका गावाचं तळं. बांधावर विरूपाक्ष आणि त्याची लेक विद्याश्री.)

विरूपाक्ष : ह्या काठ्या कुणी हलवल्या गं?

विद्याश्री : कुठल्या?

विरूपाक्ष : कुठल्या म्हणून मलाच इचार. म्हशी पाण्याला जायच्या वाटंवरच्या. कडक जमीन बघून मी सवता रोवल्यात, वर पांढऱ्या चिंध्या बांधून. सगळ्या डावीकडं सरकल्यात. तितं वरनं वाळलंय, पण खाली नुसता चिखलाचा रेबडा हाय.

विद्याश्री : मी हलवल्या.

विरूपाक्ष : तू?

विद्याश्री : व्हय, पहाटं येऊन. घाबरू नका, वेळू घालून बघितलाय. कमरंएवढं जातंय, खाली मुरूम लागतोय. मरत न्हाय कोण.

विरूपाक्ष : आन पिराजीची म्हस गेली म्हंजे? गाभण हाय ती.

विद्याश्री : म्हशी उन्हं चढल्यावर येत्यात. तो त्येच्या आधी येणार हाय.

विरूपाक्ष : तो कोण?

विद्याश्री : धैर्यशील. कोल्हापूरचा फोटोवाला. तुमचा पावणा.

विरूपाक्ष : त्येचं नाव काढू नगो हितं.

विद्याश्री : का नको? एसटीच्या स्टेअरिंगवर हुता तवाबी रविवारची सुट्टी ह्या तळ्यावरच्या पाखरांसाठी राखून ठेवलीत. मी चड्डी-परकरात हुतो तवापास्नं आपली फेरी चुकली न्हाय. आन त्येच्यापायी वरीस झालं, तुम्ही फिरणं सोडलं. म्हशी आणताय, मान खाली घालून जाताय. आज हाताला धरून आणलं म्हणून आलाय.

विरूपाक्ष : सोडलं ते सोडलं. कुणाचं काय अडलंय.

विद्याश्री : माझं अडलंय. आपल्यात घरटं कुठं हाय ते सख्ख्या भावाला सांगत न्हाईत. तुम्ही त्येला दावलं, का तर पावणा. आईनं भाकरी न् शेंगाची चटणी वाढली, का तर पावणा. मग ऊस खायाला तोडतो म्हणून कोयता मागितला, आपण तो बी दिला. ऊस तोडला व्हय त्येनं?

विरूपाक्ष : बाभळीची फांदी तोडली.

विद्याश्री : घरटं उघडं पडावं म्हणून. फोटो साफ यावा म्हणून.

विरूपाक्ष : माझ्याच कोयत्यानं तोडली, विद्या. आजून त्याला धार लावूशी वाटत न्हाय.

विद्याश्री : आन फोटो काय आला? बगळीण पंख पसरून पिल्लांवर हुबी. खाली नाव 'माया'. कोल्हापूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस. हॉलमधल्या बायका डोळं पुसत हुत्या.

विरूपाक्ष : माया कसली? सावली तोडली म्हणून हुबी हुती ती. ऊन फिरंल तशी फिरत हुती. तिसऱ्या पारी दमली, पाण्यावर गेली, आन कावळ्यांनी डाव साधला. मी काठी घिऊन पळत आलतो. काय उपेग.

विद्याश्री : म्हणून मी त्येला कळवलं, आमच्या तळ्यावर पाणमांजर आलंय. पिल्लं घिऊन बसलंय त्या पल्याडच्या उंचवट्यावर. लगेच फोन आला. "ताई, कुणाला बोलू नका, मी एकटाच येतो." म्हटलं या की. पांढऱ्या चिंध्या धरून सरळ चला, वाट पक्की हाय.

विरूपाक्ष : काठ्या परत लाव. आत्ताच्या आत्ता.

विद्याश्री : आता कशा लावू? तो बघा, गाडी लावून उतरला. हाक मारा की. आजून येळ हाय.

विरूपाक्ष : (बांधावर ठेवलेला कोयता उचलतो.)

विद्याश्री : मारा की अप्पा. मी अडवत न्हाय तुम्हाला.

विरूपाक्ष : घसा बसलाय माझा.

विद्याश्री : केव्हापास्नं?

विरूपाक्ष : आत्ताच. गप बस, बाभळीखाली ये.

धैर्यशील : (थोड्या वेळानं, चिखलातून) अहो, कोण आहे का तिकडं? अहो, मी अडकलोय. कुणीतरी या.

विरूपाक्ष : वरडू नगा पावणं. पाखरं उडत्यात.

धैर्यशील : काका, तुम्ही? देवासारखे भेटलात बघा. पार कमरेपर्यंत गेलोय. कॅमेरा तेवढा वर धरलाय, हात भरून आलेत.

विरूपाक्ष : हलू नगा. जेवढं हलाल तेवढं चिखल धरतोय. पायाला मुरूम लागला का?

धैर्यशील : कडक लागतंय काहीतरी. पण पाय निघत नाही. काका, तुमच्या हातात कोयता आहे ना? ती तुमच्या डोक्यावरची फांदी तोडा आणि टाका माझ्याकडं. तिच्यावर जोर देऊन निघतो मी.

विरूपाक्ष : ही?

धैर्यशील : तीच. चांगली जाड आहे.

विरूपाक्ष : ही न्हाय तोडता यायची. हिच्यामागं घरटं हाय.

विद्याश्री : कुणाचं, अप्पा?

विरूपाक्ष : तिचंच. जांभळी बगळीण. औंदा परत आलीया.

विद्याश्री : मला बोलला न्हाईत. मान तर खाली असती तुमची.

विरूपाक्ष : मान खाली घातली म्हणून कान मिटत्यात व्हय? पिल्लं कलकल करत्यात सकाळची.

धैर्यशील : अहो काका, इथं माणूस अडकलाय आणि तुम्ही घरट्याचं काय घेऊन बसलात?

विरूपाक्ष : गेल्या साली ह्याच झाडाची पल्याडची फांदी तोडलीसा. तवा कोण अडकलं हुतं?

धैर्यशील : ती फ्रेममध्ये येत होती. जराशी छाटली, एवढंच. सगळेच छाटतात.

विद्याश्री : पिल्लं मेली त्यात.

धैर्यशील : ते मला कुठं माहीत होतं?

विद्याश्री : माहीत हुतं. हॉलमध्ये अप्पा तुमच्याजवळ येऊन सांगून गेले. तुम्ही पाठीवर हात ठेवून म्हणाला, जाऊ दे काका, फोटो तरी राहिला.

धैर्यशील : असं म्हणालो असेन. गर्दीत माणूस काहीही बोलतो. बरं, चुकलं माझं. पण आता काढा बाहेर. टोपी चिखलात गेली, ऊन थेट डोक्यावर येतंय.

विरूपाक्ष : शिडी आणाय पायजे. आडवी टाकली की निघताय तुम्ही.

धैर्यशील : कुठं आहे शिडी?

विरूपाक्ष : आमच्या गोठ्यात.

धैर्यशील : मग आणा ना. आणि हे पाणमांजर कुठल्या बाजूला आहे म्हणालात, ताई?

विद्याश्री : बघितलासा अप्पा? कमरंएवढ्या चिखलात हाय, तरी इचारतोय.

विरूपाक्ष : ऐकलं मी. पावणं, हुबं ऱ्हावा. हात वरच धरा, न्हायतर चिखल जाईल कॅमेऱ्यात.

विद्याश्री : मी पळत जातो आन शिडी घिऊन येतो.

विरूपाक्ष : आधी काठ्या. हुत्या तितं एकूणएक रोव, पाय दाबून बघ. पिराजीची म्हस येईल.

विद्याश्री : रोवतो. मग शिडी आणू?

विरूपाक्ष : मग फेरी. रविवार हाय न्हवं आज? सबंध तळं फिरायचं, पल्याडच्या सांडव्यावरनं. बदकं हायत का गेली ते बी बघू.

विद्याश्री : अप्पा, सबंध फेरी? ऊन कुठं गेलंय बघा.

विरूपाक्ष : आपण सावलीनं चालू. घाई न्हाय मला. वरसाची फेरी ऱ्हायलीया.

विद्याश्री : माझ्या मनात तेवढं न्हवतं. चिखलात पडावा, फजिती व्हावी, बस.

विरूपाक्ष : तुझं झालं मग. माझं आजून हाय.

धैर्यशील : काका, तिकडं कुठं निघालात? घर या बाजूला ना?

विद्याश्री : मागं वळून बघा तरी एकदा. हात भरून आलेत त्येचे, तरी खाली घेईना झालाय.

विरूपाक्ष : तिनं बी पंख खाली घेतलं न्हवतं.