रुमालाखालचा हात

मी मूळचा जाफराबादकडचा. बाप दुसऱ्याच्या घरी सालानं राह्यचा, बैल त्यांचे, शेण काढायचं आमच्याकडं. त्या बैलांमागं फिरून फिरून मला जनावर कळाया लागलं, आन आमच्या बुद्धवाड्यातून बैलबाजारात दलाली करणारा मी पहिला निघालो. कुणी जागा दिली न्हाई, भांडून उभा राह्यलो. काय सांगू तुम्हाला ताई, आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत न्हाईत. दोघांच्या हातावर रुमाल टाकायचा आन खाली एकमेकाची बोटं धरून बोलायचं. किती धरली, कशी दाबली, त्यावर सौदा. बाजूच्याला बिलकुल कळत न्हाई.

तोच उजवा हात कडबाकुट्टीच्या पात्यात गेला. माझ्याच घरी, माझ्याच घाईनं. कोपराखाली वीतभर राह्यला. कुट्टीला मी बोल लावत न्हाई, बोल लावतो काशिनाथला. दहा वर्षं माझ्या जोडीनं दलाली केली, आन मी दवाखान्यात पडलेलो असताना भर बाजारात म्हणला, आता ह्याचा रुमाल घडी घालून ठेवा. हात गेला तवा रडलो न्हाई, हे ऐकून रडलो.

मंग पोरीनं शोधून काढलं, संभाजीनगरच्या एका केंद्रात मशीनचा हात बसवतात, उरलेल्या हाताचे स्नायू कसे हलतात ते ओळखून तो चालतो. गेलो. तिथल्या मॅडम म्हणल्या, काका, गेलेला हात आहे असं समजा आन मूठ मिटा. आता त्यात समजायचं काय, मला माझी बोटं अजून हायेत असंच वाटतं, खाजतात सुद्धा. मूठ मिटली, उघडली, मनगट फिरवलं, तरी मॅडमचं एकच, मशीनला सगळं सारखंच दिसतंय, तुम्ही बैल ओढल्यासारखा जोर लावता. जोर नको, हरेक हालचालीचा नमुना वेगळा पाहिजे, आन दरवेळी तोच पाहिजे. तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला माझं टाळकं सरकलं, म्हणलं तुमचं भंगार तुम्हालाच ठेवा, आन घाम पुसायला खांद्यावरचा रुमाल ओढला, तो पडला थोट्या हातावर.

पडला आन माझ्या ध्यानात आलं. रुमालाखाली आम्ही कधी जोर लावतो का? जोर लावला तर कोपर हलतं, बाजूच्याला भाव कळतो. म्हणलं, मॅडम, थांबा जरा. पाची बोटं धरल्यासारखं केलं, मंग दोन, मंग नुसता अंगठा. बराबर तसंच पुन्हा केलं. मॅडम पडद्याकडं बघून हसाया लागल्या, काका, हे कुठं शिकलात? म्हणलं, जाफराबादच्या बाजारात.

हात घालून बाजारात गेल्तो त्या दिवशी लालकंधारी बैलांची एक जोडी विकायला माझ्याकडं होती, आन घेणाऱ्याचा दलाल काशिनाथच. ह्या हाताला दाब कळत न्हाई, म्हणून त्याचा भाव ऐकायला मी डावा दिला, माझा सांगायला उजवा. काशिनाथ हसला, म्हणला हे यंत्र काय बोलणार. बोललं. त्याचं हसू गेलं, म्हणला, अरे, हा तर तुझाच दाब हाय. तेवढ्यात मला त्याचं ते घडीचं बोलणं आठवलं, राग चढला, सगळा हात ताठ झाला आन त्याच्या बोटांवर मिटलेली मशीनची मूठ काही उघडेना. काशिनाथ म्हणे सोड. म्हणलं, माझा राग गेल्याबिगर हा उघडत न्हाई, तू काय बोलला होता ते सगळ्यांसमोर परत घे.

घामाघूम झालेला काशिनाथ मोठ्यानं म्हणला, चुकलं माझं, ह्याचा रुमाल चालू हाय.

तवा सोडला. आता खरं सांगू ताई? अर्धा मिनिट अडकला होता खरा. त्याच्या पुढं मीच धरून ठेवला.

आता परत जोडीनं काम करून राह्यलो, बरं चाललंय. फक्त रुमाल टाकला की काशिनाथ आधी म्हणतो, डावा दे.