मैत्रीची रस्सीखेच

एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बसले होते. दोघांचाही एकेक हात गळ्यात बांधलेला.

"काय मास्तर, गटारावरून भांडण झाल्यापासून बोलला नव्हतात. आज चक्क शेजारी?"

"दुसरी खुर्ची मोकळी नाही, प्लंबर. आणि रस्सीखेच तुमच्याच गल्लीला सुचली. म्हणे, खेळामुळे दोन्ही गल्ल्या जवळ येतील."

"आल्या की! सगळे एकमेकांच्या अंगावरच पडलो."

"पण इतका जोर लावूनही दोर हलत का नव्हता हो?"

"खरं सांगू? आम्ही आमचं टोक गुपचूप टेम्पोला बांधलं होतं."

"अरे लबाडांनो!"

"तुमचं टोक कुठे होतं?"

"...मैदानातल्या शेडच्या खांबाला."

"शाब्बास! मग शेड पडली कशी?"

"आता कळलं! तुमच्या टेम्पोवाल्याला भाड्याचा फोन आलेला मी पाहिला. त्याने गाडी चालू केली आणि निघाला."

"मैदान समितीचे अध्यक्ष येतायत बघा. खरं कळलं तर मैदानाला कायमचं कुलूप लावतील. पोरांनी खेळायचं कुठे?"

"वाऱ्याने पडली म्हणू."

"अहो, आज पान हललं नाही!"

"दोन्ही गल्ल्या एका सुरात म्हणाल्या, की हललं."

"मग वादळच म्हणू या, मास्तर. सरका जरा, त्यांनाही बसू द्या."