गुणा मास्तरांचा फिनलंड

…आणि वर गावातली लोकं इचारतात, "मास्तर, पोट साफ होतंय न्हवं?" भर रामनगरच्या बाजारात, ट्रकवाल्यांच्या देखत! आता तुमास्नी सांगतो, गुणा मास्तर म्हंजे छत्तीस वर्सं पोरांना गणित शिकवलेला माणूस, रिटायर झाला, म्हटलं आता निवांत बसावं, तर निवांत कुठलं ओ? पेन्शन किती, जावई काय करतोय, पिशवीत काय हाय… शी! वीट आला मास्तरला या चौकशांचा, वीट! म्हणून त्यानं मोबाइलवर देश शोधाय घेतला. हवापाणी न्हाई बघितलं, महागाई न्हाई बघितली, एकच बघितलं, कुठं कोण काय इचारत न्हाई. आणि घावला की! फिनलंड! तितला शेजारी म्हणं वर्सातनं एकदा मान हलवतो, ती पण लांबनं. मास्तरच्या डोळ्यात पाणीच आलं.

पण चूक काय केली? रोहनच्या दुकानात पासपोर्ट झेरॉक्स करायला दिला. झालं! कागद गरम हाय तवर गावभर! "मास्तर, कवा निघणार ओ?"

आणि आपल्यातली रीत ठाऊक हाय न्हवं? लांब निघालेल्या माणसाला घरोघरी जेवाय बोलवायचं, आणि त्यानं न्हाई म्हटलं तर अपशकुन! पहिल्या घरात शेवयांची खीर. दुसऱ्या घरात शेवयांची खीर. भाग्यलक्ष्मी अक्कानं तर वर लोणच्याची बरणी हातात दिली, "तितं कोण घालणार ओ तुमास्नी?" अकरा घरं! अकरा खिरी! वेलदोड्याचा नुसता वास आला तरी मास्तरला ओकारी! आणि बाराव्या दिवशी व्हिसाच्या नियमांखालच्या बारीक अक्षरात वाचलं, नुसतं बसून ऱ्हायला आलेल्या म्हाताऱ्याला तो देश घेतच न्हाई. हात्तिच्या मारी!

बायको तारा म्हणाली, "सांगून टाका की सरळ." सरळ? अकरा घरचं खाऊन? कुठल्या तोंडानं? आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा अवकाश… "मास्तर, कवा निघणार ओ?" शेवटी तारानं गावाला सांगितलं, गेले पहाटेच्या गाडीनं, आणि मास्तर माजघरात कडी लावून बसला. काय सुख ओ! कोण इचारत न्हाई, कोण बोलत न्हाई! पहिला दिवस सुखाचा, दुसरा बरा, तिसऱ्या दिवशी मात्र भिंतीवरची पाल तेवढी सोबतीला, आणि ती मेली चुकचुकेना पण! मास्तर आपला दाराला कान लावून बसाय लागला, बाहेर कोण काय बोलालंय ते ऐकत.

चौथ्या दिवशी शेजारचा नागू आला. "वैनी, पोचले काय मास्तर? थंडी किती म्हणं तितं?"

तारा बिचारी गडबडली. "हाय की. वीस डिग्री हाय म्हणालेत."

आणि आतनं आवाज आला, "उणे वीस, तारा! उणे!"

तुमास्नी सांगतो, अंगणातली कोंबडी पण दाणे टिपायची थांबली! नागू जरा खोकला, माजघराच्या दारापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर… आत काय करालासा?"

मास्तरनं एक सुस्कारा सोडला, कडी काढली आणि पाट सरकवला. "ये नागू, बस. इचार बाबा, काय काय इचारायचं हाय ते."